तिसरी पिन

बडोद्यात नवरात्र जवळ आल्याची पहिली खूण कानाला कळते. कंपाउंडमध्ये कुणीतरी माइकवर बोटाने टकटक करतं, ‘हॅलो, हॅलो’ म्हणतं, मग वायर जोडतं. आणि गाणं सुरू होण्याआधी स्पीकरमधून क्षणभर नुसतीच एक भुणभुण येते. घूं अशी, सपाट, खालच्या पट्टीतली. बाकीच्यांना ती ऐकू येत नाही, कारण त्यांचे कान गाण्याची वाट पाहत असतात. मी मात्र हातातलं काम ठेवून उभा राहतो.

परवा संध्याकाळीही तसंच झालं. मी कपड्यांच्या घड्या घालत होतो. खाली भुणभुण सुरू झाली आणि हातातला टॉवेल अर्धा दुमडलेलाच राहिला. आई स्वयंपाकघराच्या दारात गवार मोडत बसली होती. मान वर न करता ती म्हणाली, “खालचा आहे तो. आपला नाही.”

तेवढ्यावर मी पुन्हा घड्या घालायला लागलो.

हा ऋतू धड पावसाळाही नसतो आणि धड उन्हाळाही नसतो. दुपारी ऊन असं की आमच्या गोरवा भागातल्या कारखान्यांचे पत्रे तडतडतात, आणि संध्याकाळी कुठून तरी एखादा चुकार ढग येऊन मांडवाचं कापड भिजवून जातो. भिंती आतून ओल्या असतात. कपाटातल्या कपड्यांना कोंदट वास येतो. फ्रीजचं दार, बटणांचे बोर्ड, जिन्याचा कठडा, सगळ्यांना बारीक घाम फुटलेला असतो. लोक या दिवसांची वर्षभर वाट पाहतात. चणिया-चोळी शिवायला टाकतात, पास काढतात, पायांना सराव देतात. मलाही एकेकाळी हे दिवस आवडायचे. आता ते आले की मी घरातल्या प्रत्येक लोखंडी वस्तूकडे जरा संशयाने बघतो.

काही वर्षांपूर्वी याच दिवसांत आम्ही घरासाठी अ‍ॅम्प्लिफायर निवडत होतो. घरात शिरलेल्या एका भुणभुणीचा माग काढण्यात आमचा सगळा भाद्रपद गेला. ती कुणाच्या मागावर होती, ते घटस्थापनेच्या सकाळी कळलं. ती आईच्या मागावर होती.

*

आईचं आणि सिनेमाचं नातं सांगितल्याशिवाय हे सगळं कशासाठी चाललं होतं ते समजायचं नाही.

बाबा रेल्वेत गँगमन होते. बडोद्याजवळच्या करजणला आम्हाला जे क्वार्टर होतं, त्याच्या मागच्या अंगणाला टॉकीजची भिंत लागून होती. आई तिथेच कपडे धुवायची, भांडी घासायची. भिंतीपलीकडे सिनेमा चालू असायचा. दुपारचा खेळ आणि आईची धुणी एकाच वेळी सुरू व्हायची. एकेक सिनेमा आठवडाभर मुक्कामाला असायचा, त्यामुळे आठवडा संपेपर्यंत आईला तो तोंडपाठ व्हायचा. नायिका कधी रडणार, खलनायक कधी हसणार, पाऊस कोणत्या गाण्यात पडणार, सगळं तिला ठाऊक. फक्त त्यातला एकही चेहरा तिने पाहिलेला नसायचा. तिकीट काढून आत जाण्याची आमच्याकडे पद्धतच नव्हती, आणि तिची त्याबद्दल तक्रारही नव्हती. “आत बसून काय वेगळं ऐकू येणार,” असं ती म्हणायची.

मी बारावी पास झालो आणि मला बडोद्याच्या युनिव्हर्सिटीत प्रवेश मिळाला, तेव्हा तिने देवीला एक बोललं होतं. नवरात्राचे नऊ दिवस पायात काही घालायचं नाही. आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजचं तोंड पाहिलं नव्हतं. मी सयाजीगंजच्या हॉस्टेलमध्ये पंख्याखाली बसून रसायनशास्त्र वाचत असायचो आणि तिकडे करजणला ती तापलेल्या रस्त्यावरून अनवाणी पाण्याला जायची. मी पदवीधर झालो, नोकरीला लागलो, लग्न झालं, तरी तिने ते सोडलं नाही. नवस फिटला की आता, असं मी म्हणालो होतो. त्यावर ती म्हणाली, “फिटला म्हणून देवीला ओळख दाखवायची नाही का?”

बाबा गेल्यावर ती आमच्याकडे गोरव्याला राहायला आली. येताना तिने फार थोडं आणलं. देव, पितळेचा डबा आणि एक सागवानी पाट. पाट मुद्दाम आणला होता. क्वार्टरमध्ये विजेची इस्त्री आली तेव्हापासून तिला एक सवय लागली होती: विजेच्या वस्तूला हात लावायचा तर पाटावर उभं राहून. तिथली इस्त्री चावायची, पाण्याचा हीटर चावायचा. शॉक बसतो असं ती कधी म्हणत नाही. चावतो म्हणते. जणू त्या वस्तू पाळलेल्या आहेत आणि त्यांचे स्वभाव सांभाळून घ्यायचे आहेत.

आमच्या घरात स्वयंपाकघरामागे चोकडी आहे, म्हणजे धुण्या-भांड्यांची कोपऱ्यातली फरशी बांधलेली जागा. तिथे वॉशिंग मशीन ठेवलेलं असतं, जुन्या पद्धतीचं, दोन खणांचं. एका खणात कपडे धुवायचे, पिळायला हाताने दुसऱ्या खणात टाकायचे. आई आल्याच्या दुसऱ्या दिवशी तिचा पाट त्या मशीनसमोर जाऊन बसला. माझी बायको मीनल गमतीने म्हणायची, “आई, कपडे धुताय की कीर्तनाला उभ्या आहात?”

*

मला आईला तो आवाज परत द्यायचा होता. भिंतीपलीकडचा नाही, समोरचा. चांगले स्पीकर, त्यांना साजेसा अ‍ॅम्प्लिफायर, आणि समोर पडद्यावर तेच चेहरे, जे तिने नुसते ऐकले होते. कारखान्यात बढती मिळाली तेव्हा मी ठरवलं, आता हे करायचं.

सयाजीगंजमध्ये स्टेशनकडून आत वळलं की मुकुंदभाईंचं दुकान लागायचं. बाहेरून साधं. आत गेलं की एक जाड दार, आणि दारापलीकडे गालिचा अंथरलेली, भिंतींना फोम लावलेली खोली. त्या खोलीत शिरलो की स्वतःचा श्वास ऐकू यायचा. मीनलला ती खोली पहिल्या दिवसापासून आवडली नाही. कान दाबून धरल्यासारखं वाटतं, असं ती म्हणाली, आणि बाहेर जाऊन बसली.

मी सांगितलं, मोठा अ‍ॅम्प्लिफायर दाखवा, जास्तीत जास्त वॅटचा. मुकुंदभाई हसले. ते माझ्याशी गुजराती, हिंदी आणि मोडक्या मराठीच्या मिश्रणात बोलायचे. “नितीनभाई, वॉट ना जोवाय. रूम जोवाय.” वॅट बघायचे नसतात, खोली बघायची असते. त्यांनी समजावून सांगितलं की आवाजाच्या बाराव्या पायरीवर ओरडणारा अ‍ॅम्प्लिफायर घेण्यापेक्षा तिसऱ्या पायरीवर शांत उभा राहणारा घ्यावा. स्पीकरला केवढी ताकद पेलते, खोलीत गालिचा आहे की नुसती फरशी, समोर भिंत आहे की खिडकी, हे आधी. बोलण्याचा आवाज ऐकायचा की स्फोटाचा, हेही आधीच ठरवावं. मी म्हणालो, बोलण्याचा. माझी आई सिनेमा कानाने बघते.

त्यांनी एक जुनं गाणं लावलं. गाणारीने ओळ सुरू करण्यापूर्वी घेतलेला श्वास त्या खोलीत स्पष्ट ऐकू आला. आईने भिंतीपलीकडून हा श्वास कधी ऐकला नसेल, असं मनात आलं आणि डोळे भरून आले. पाच स्पीकरांना पुरेल असा एक मध्यम अ‍ॅम्प्लिफायर मी त्याच दिवशी पसंत केला.

घरी आणून जोडला. आईला सोफ्यावर मधोमध बसवलं. बटण दाबलं, आणि सिनेमा सुरू व्हायच्या आधी पाचही स्पीकरांतून ती आली. घूं.

आवाज वाढवला की ती गाण्याखाली दबून जायची. गाणं संपलं, दोन संवादांमध्ये कुणी गप्प बसलं, की पुन्हा वर यायची. दुकानात नव्हती. तिथे मी कान लावून ऐकलं होतं.

मुकुंदभाईंनी तो अ‍ॅम्प्लिफायर परत घेतला, दुकानात जोडून दाखवला. एकदम शांत. तरी बदलून दुसरा दिला, महागातला, फक्त दोन स्पीकरांचा, गाण्यांसाठी नावाजलेला. आमच्या घरी आल्यावर तोही भुणभुणला. मग तिसरा, पुन्हा पाच स्पीकरांचा. मी वायरी बदलल्या, जागा बदलली, फ्रीज बंद करून पाहिला, पंखे बंद करून पाहिले. एखादा पाहुणा घरात येऊन बसावा, आणि तो कुणाचा कोण ते कुणालाच सांगता येऊ नये, तसं झालं होतं. जेवताना आम्ही त्याच्याबद्दल बोलायचो. आज कमी आहे. आज जास्त आहे.

सकाळ-संध्याकाळ तो वाढायचा. सोसायटीचा पंप टाकीत पाणी चढवायचा, त्या वेळी. हे आईच्या लक्षात आलं होतं. “पाणी चढवतात तेव्हा हा रडतो,” ती म्हणायची. मी म्हणायचो, व्होल्टेज कमी होत असेल.

आणखी एक गोष्ट ती म्हणायची, जिच्यावर आम्ही सगळेच हसायचो. अ‍ॅम्प्लिफायर बदलायला नेला की मधले एक-दोन दिवस घरात तो नसायचा. त्या दिवसांत मशीन जास्त चावायचं. “तुझा डबा दुकानात गेला रे गेला, की माझं मशीन चवताळतं.”

“सवत असेल,” मीनल म्हणाली. “एक घरात असली की दुसरी गप्प.”

आई खूप हसली होती. पदर तोंडाला लावून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. आता तो प्रसंग आठवला की मला त्या स्वयंपाकघरातला उजेड आठवतो, ओट्यावरची चिरलेली पपई आठवते, आणि आम्हा तिघांच्या पाठीमागे चोकडीत उभं असलेलं ते पांढरं मशीन आठवतं.

*

त्या वर्षी आमच्या कंपाउंडमध्ये नवे ब्लॉक बसवले होते. आधी तिथे उखडलेलं सिमेंट होतं. गरबा खेळताना पायांना खडे टोचायचे. श्रावणात काम काढलं. दिवसभर कटरची किंचाळी आणि सिमेंटची धूळ. सोसायटीचे सेक्रेटरी रमणभाई स्वतः उन्हात खुर्ची टाकून बसायचे. राखाडी आणि लाल ब्लॉकांचं मोठं गोल वर्तुळ त्यांनी आखून घेतलं, गरब्याची फेरी नीट यावी म्हणून. मधोमध देवीच्या मांडवीची, म्हणजे तिच्या छोट्या मखराची, जागा.

पंपाच्या खोलीजवळ पूर्वी सिमेंटची एक बुटकी चौकट होती, वर लोखंडी झाकण. तिच्यावर दर वर्षी कुणाचा तरी अंगठा ठेचायचा. उन्हाळ्यात वॉचमन तिच्यात बादलीभर पाणी आणि मूठभर मीठ टाकायचा. का टाकायचा, हे त्यालाही आधीच्या वॉचमनने सांगितलं होतं तेवढंच. ब्लॉक बसले तेव्हा ती चौकट दिसेनाशी झाली. फेरी सपाट आली. सगळ्यांना बरं वाटलं. मलाही वाटलं. गॅलरीतून बघताना ते वर्तुळ फार सुंदर दिसायचं, धुतलेल्या ताटासारखं.

तिसरा अ‍ॅम्प्लिफायरही भुणभुणला, तेव्हा मुकुंदभाई स्वतः एका दुपारी घरी आले. स्पीकरला कान लावला, मागच्या वायरी हलवल्या. मग ओळखीचं माणूस भेटल्यासारखे हसले. हे तर नेहमीचं आहे, म्हणाले. खिशातून त्यांनी एक छोटा पांढरा प्लग काढला. एका बाजूने तीन पिनी आत घेणारा, दुसऱ्या बाजूने दोनच बाहेर काढणारा. अ‍ॅम्प्लिफायरची जाड, वरची, तिसरी पिन त्यात गेली आणि तिथेच संपली.

“बस,” ते म्हणाले. “हवे सांभळो.” आता ऐका.

मी ऐकलं. काही नव्हतं. पाच स्पीकर चालू होते आणि खोली त्यांच्या त्या फोमच्या खोलीसारखी मुकी झाली होती. मीनल दारात उभी होती. तिने नकळत कानाला हात लावला.

मुकुंदभाईंनी चहा घेतला, आईच्या हातच्या चिवड्याची तारीफ केली, आणि जाताना सांगितलं की दुकानात असे प्लग ते खोकंभर ठेवतात. प्रत्येक घरात लागतोच.

*

त्या संध्याकाळी आईने पहिला सिनेमा पाहिला. करजणच्या भिंतीपलीकडचाच एक. तिने आधी डोळे मिटून घेतले. मला वाटलं, झोपली. पण तिचे ओठ हलत होते. पडद्यावरच्या बाईच्या आधी ती वाक्य म्हणत होती, तेवढ्याच विरामाने, तेवढ्याच उसाशाने. मुलगा घर सोडून जातो त्या प्रसंगात पूर्वी टॉकीजमधून नुसतं दार आपटल्याचा आवाज यायचा. या वेळी दार आपटल्यावर त्या बाईच्या बांगड्या किणकिणल्या. तिने भिंतीला हात टेकला असणार. आईने डोळे उघडले.

“ही अशी दिसते होय,” ती बराच वेळ बघून म्हणाली. “मला वाटलेलं, माझ्यासारखी असेल.”

माझ्या आयुष्यातल्या चांगल्या संध्याकाळींत मी ती धरतो. ती कशाच्या बदल्यात मिळाली होती, ते कळल्यावरही ती यादीतून काढून टाकता येत नाही.

दोन-चार दिवसांनी आई म्हणाली की मशीन हल्ली फारच चावतंय. पाटावर उभी असते म्हणून निभावतं, पण ओला कपडा उचलताना कोपरापर्यंत कळ येते. मी वायरमनला फोन केला. तो कुठल्याशा मांडवाच्या तोरणांवर चढलेला होता. या दिवसांत शहरातले सगळे वायरमन खांबांवर आणि बांबूंवर असतात. त्यांना घरांसाठी वेळ नसतो. नवरात्र होऊ द्या, मग निवांत येतो, म्हणाला. मीही म्हणालो, बरं. आई म्हणाली, “चालशे. मला त्याचा स्वभाव माहीत आहे.”

*

घटस्थापनेच्या आदल्या संध्याकाळी पाऊस झाला. सकाळी कंपाउंडमधले ब्लॉक स्वच्छ धुतलेले होते आणि पंपाच्या खोलीत घोट्याइतकं पाणी साचलं होतं. वॉचमनने ते बादलीने उपसलं आणि रोजच्यासारखा पंप सुरू केला.

मी रजा घेतली होती. देवघरासमोर मीनलने रांगोळी काढली. परातीत काळी माती, तिच्यात सात धान्यं, मधे घट. परात कशावर ठेवायची, यावर सासू-सुनेचं जरा झालं. मीनल म्हणाली, स्टूल आहे, त्यावर लाल कापड घालू. आई म्हणाली, घट पाटावरच बसतो. घरात पाट एकच होता. तो चोकडीतून आला, घासला गेला, हळदी-कुंकवाची बोटं त्यावर ओढली गेली, आणि घट त्यावर बसला. आईने घरात, चोकडीत वापरायच्या चपलाही दाराबाहेर नीट जोडीने ठेवल्या. आता दसऱ्यापर्यंत त्यांना हात लागणार नव्हता.

हे सगळं मी पाहत होतो. घट, पाट, चपला. दर वर्षीचंच होतं.

मग मी देवीची गाणी लावली. आवाज मोठा ठेवला. दारं-खिडक्या उघड्या होत्या, खालचे-वरचे लोकही ऐकत होते. ढोलाची थाप छातीत जाणवत होती, आणि दोन थापांमधली जागा कशी निर्मळ होती. मी सोफ्यावर बसून त्या निर्मळ जागाच ऐकत होतो. हे आपण मिळवलं, असं मनात होतं.

गाणं मध्येच तुटलं. ओळ अर्धी राहिली. पंखा मंदावत गेला. मला वाटलं, लाइट गेली, आणि नेमकी आजच का जावी म्हणून मी चिडलो. उठून बाहेर पाहिलं तर समोरच्या मांडवाचे दिवे लागलेले होते.

तेव्हा मला मागून आवाज आला. मीनलचा नाही. चोकडीत पाणी वाहत होतं, तेवढंच.

मीनल मीटरच्या बोर्डाखाली उभी होती, मेन स्विचचा दांडा दोन्ही हातांनी खाली ओढून धरलेला, जणू सोडला तर तो परत वर जाईल. तिने मला मानेने चोकडी दाखवली. आई मशीनला टेकून खाली घसरलेली होती. ओल्या फरशीवर तिचे तळवे वर आलेले, पांढरे, सुरकुतलेले. उजव्या हाताची मूठ अजून मशीनच्या कडेवर वळलेली होती. ती मूठ मी बोट-बोट करून उलगडली.

मीनलने नंतर सांगितलं की ती फुलं घ्यायला स्वयंपाकघरात आली, तेव्हा आई उभी होती आणि तिच्याकडे बघत होती. तोंड उघडं होतं. ओरडत होती की नाही, ते गाण्यात कळलं नाही.

*

आई वाचली. दवाखान्यात काही दिवस राहिली. तिच्या छातीवर लावलेल्या यंत्राचा बारीक, नेमाने येणारा आवाज मी बाकड्यावर बसून ऐकला. त्या दिवसांत मला कुठलाही आवाज थांबलेला नको होता. मुकुंदभाई आले. मी त्यांना पांढऱ्या प्लगबद्दल काही विचारलं नव्हतं. त्यांनी स्वतःच सगळं वायरमनकडून समजून घेतलं होतं. ते आईच्या पायांशी उभे राहिले. मग म्हणाले, “अमे तो बधाने एम ज कहीए छीए.” आम्ही तर सगळ्यांना असंच सांगतो.

त्या वाक्यानंतर मी बरेच दिवस रस्त्याने जाताना लोकांच्या खिडक्यांकडे बघत असे. आत कुठे कुठे ती शांतता असेल, याचा विचार करत.

काय झालं होतं ते सांगायला सोपं आहे. इमारतीच्या प्रत्येक घरातली तिसरी पिन एका जाड पट्टीने जमिनीला जोडलेली असते. कुठे वीज गळालीच तर ती त्या वाटेने मातीत जाऊन मरते. मीठ-पाणी घालायची ती बुटकी चौकट म्हणजे त्या वाटेचं तोंड होतं. ब्लॉकांसाठी खणताना पट्टी तुटली आणि चौकट गाडली गेली. पंपातून वीज गळत होती. तिला जायला जागा नव्हती, म्हणून ती प्रत्येक घरात फ्रीजच्या, मशीनच्या अंगावर येऊन थांबली होती. आमच्या घरात मात्र तिला एक फट सापडली होती. अ‍ॅम्प्लिफायरमधून त्याला जोडलेल्या टीव्ही केबलच्या काळ्या वायरीत, खिडकीतून बाहेर, खांबावरून कुठेतरी दूर मातीत. जाताना ती स्पीकरमध्ये भुणभुणायची. पाणी चढवायच्या वेळी जास्त गळायची, म्हणून जास्त भुणभुणायची. डबा दुकानात गेला की वाट बंद व्हायची, आणि मशीन चवताळायचं.

आम्ही छोटा पांढरा प्लग लावून ती फट बुजवली. आवाज थांबला. वीज घरातच राहिली, आणि तिने नऊ दिवस अनवाणी राहणारं माणूस शोधलं.

रमणभाईंनी त्याच आठवड्यात ब्लॉक उपटून घेतले. गरब्याच्या वर्तुळाला एका बाजूने खड्डा पडला आणि त्या वर्षी खालच्या मजल्यावरच्यांनी मांडवीसमोर नुसती आरती केली. नवी पट्टी गाडली, कोळसा-मीठ भरलं. आमच्या बोर्डावर थोडी वीज गळाली तरी खटकन बंद पडणारं यंत्र बसवलं. अ‍ॅम्प्लिफायर आहे तोच ठेवला. त्याच्या तिन्ही पिनी आता भिंतीत जातात. भुणभुण नाही. खरोखरच नाही. तरी सिनेमा लावण्यापूर्वी मी थोडा वेळ आवाज शून्यावर ठेवून स्पीकरला कान लावतो. मीनल दिवा लावून तोपर्यंत थांबते.

*

आईच्या उजव्या हाताची तीन बोटं तेव्हापासून बधिर आहेत. गवार मोडते, पण शेंग मोडली की नाही ते आवाजावरून ओळखते. चहाचा कप किती गरम आहे ते डाव्या हाताने बघते. डॉक्टर म्हणाले, संवेदना येईल हळूहळू. आली नाही.

पुढच्या वर्षी पुन्हा घट बसले. आईने चपला दाराबाहेर जोडीने ठेवल्या. मी आधीच रबराची जाड चटई आणून चोकडीत टाकली होती. ती तिने काठीने बाजूला सारली. “रबर म्हणजे चप्पलच की. देवीला काय कळत नाही?” शेवटी दुसरा पाट आणला तेव्हा तिचं समाधान झालं. लाकूड चालतं.

“आता मशीन चावलं, तर कळेल का गं तुला?” मी विचारलं.

तिने उजवा हात उलटसुलट करून पाहिला, दुसऱ्याच कुणाचा असावा तसा. “या हाताला नाही कळायचं,” ती म्हणाली. “मला कळेल तेव्हा उशीर झालेला असेल.” आणि बादली उचलून तिने नळाखाली ठेवली.

म्हणून अजूनही या दिवसांत सकाळी पंप सुरू झाल्याचा आवाज आला की मी चोकडीत येतो. आई कपडे वेगळे करत असते. मी चपला काढतो, ओल्या फरशीवर उभा राहतो आणि मशीनच्या कडेला हाताची पालथी बाजू लावतो. पालथी अशासाठी की करंट आला तर हात वळून मूठ होते, आणि तळहात असला तर ती मूठ वस्तू धरून ठेवते. खाली कुणीतरी माइक तपासत असतं. आई माझ्या हाताकडे नाही, माझ्या तोंडाकडे बघत उभी असते.

आजही काही लागलं नाही. मी हात काढला, पुसला. तिने कपडा उचलला, तेव्हा मी म्हणालो, “थांब जरा,” आणि पुन्हा एकदा लावून पाहिला.